चाक लोंबकळत ठेवून

गेल्या महिन्यात भाचा पुण्याहून त्याची जीप घेऊन कराडला आला. १९८७ सालची महिंद्रा एमएम ५४०. दीड वर्षापूर्वी घेतली तेव्हा तिच्यात कोंबड्या बसत होत्या. आता रंग ताजा, टायर एकतीस इंची आणि गाडी जमिनीपासून चांगली वर उचललेली. दारात उभी करून खाली उडी मारली आणि म्हणाला, "मामू, देखो ना, कैसी दिखरी!"

दिसत छानच होती. सगळं काम त्यानं आणि त्याच्या मित्रांनी रविवारी रविवारी, एका शेडमध्ये, व्हिडिओ बघून केलेलं. मूळ शॅकल काढून लांब शॅकल घातल्या होत्या, मागच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: जीपच्या पाट्याचं एक टोक चासीला पिनेनं पक्कं असतं आणि दुसरं एका हलत्या कडीला लटकतं. ती कडी म्हणजे शॅकल. खड्डा आला की पाटा सरळ होतो, म्हणजेच लांब होतो; त्या लांबीला जागा देणं हे शॅकलचं काम. ती लांब केली की गाडी वर उचलली जाते. पण चार इंच लांब केली तर गाडी उचलते दोनच इंच, कारण एकच टोक खाली सरकतं.

पुढचा बेत इंजिनाचा होता. एमएम ५४० मध्ये मूळचं प्यूजोचं डिझेल इंजिन येतं, एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोर, म्हणून ४.९०. एकूण २११२ सीसी. भाच्याला ते काढून महिंद्राचंच २५२३ सीसीचं डीआय बसवायचं होतं. त्यासाठीच तो नानांना भेटायला आला होता.

नाना म्हणजे माझे अब्बा. शहात्तर वर्षांचे. गुडघे गेलेत, एका डोळ्याला कमी दिसतं, पण चाळीस वर्षं जीपखाली झोपून काढलेल्या माणसाला बघायची फारशी गरज लागत नाही. त्यांनी खुर्ची अंगणात मागवली, पुढच्या पाट्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "साठ पे स्टिअरिंग हिलता क्या?"

भाचा गप्प. हलत होतं. खड्ड्यावरून गेलं की हातात धरवत नाही इतकं.

*

आमच्या भागात इंजिन बदलणं ही कधी हौस नव्हती, तो पोटाचा धंदा होता. ऐंशीच्या दशकात कराड, पाटण, इस्लामपूर या पट्ट्यात वडापच्या जीप धावायच्या. एसटी दिवसातून दोनदा, आणि वडाप भरली की सुटली. या जीप बहुतेक जुन्या पेट्रोलच्या, काही लष्कराच्या लिलावातून आलेल्या. सीजे ३बी, उंच बॉनेटची, विलीजचं २२०० सीसीचं पेट्रोल इंजिन. ताकद उत्तम, पण पेट्रोल प्यायची आणि दिवसाची कमाई टाकीतच जायची. म्हणून मालक ते इंजिन काढून डिझेल बसवून घ्यायचे. गंमत म्हणजे प्यूजोचं डिझेल विलीजच्या पेट्रोलपेक्षा ताकदीला कमीच. पण डिझेल स्वस्त आणि लागायचंही कमी, त्यामुळे ताकदीचा हिशेब कुणी करत नव्हतं.

मी शाळेत असताना सुट्टीभर अब्बांच्या हाताखाली असायचो. काम बघायला सोपं वाटायचं. लोखंडी पाइपांची तिपाई, तिला चेन ब्लॉक, पाणी-ऑइल काढलं, वायरी सोडल्या, फाउंडेशनचे बोल्ट काढले की तासाभरात जुनं इंजिन हवेत. खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. नव्या इंजिनाचं तोंड जुन्या गिअरबॉक्सला लागत नाही. मधे जाड पत्र्याची प्लेट लागते आणि तिची भोकं केसभरही इकडेतिकडे चालत नाहीत. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आला नाही तर क्लच थरथरतो, पायलट बुश खाल्ला जातो आणि काही महिन्यांत गाडी परत दारात. अब्बा एक मोडक्या गिअरबॉक्सचा शाफ्ट जपून ठेवत. तो आरपार घालून, हातानं फिरवून, अडकतोय का बघत. मग लेथवाल्याकडे फेऱ्या. मग इंजिनाचं ऑइल चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलला लागतंय का ते बघणं: गाडी उभी असताना नाही, पाटे पूर्ण दबल्यावर. पंखा रेडिएटरला घासतोय का. डिझेलला टाकीकडे परतीची लाइन हवी, ती ओढणं. सहा व्होल्टची जुनी वायरिंग असेल तर सगळी बारा व्होल्टवर आणणं, कारण थंडीत डिझेल चालू करायचं तर हीटर प्लग तापवून मग इंजिन फिरवावं लागतं आणि त्याला बॅटरी दमदार हवी.

हे सगळं कागदावर न काढता, डोक्यात ठेवून. अब्बा सातवी शिकलेले. सच्चर समितीनं २००६ च्या अहवालात लिहिलं की मुस्लिमांत स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. आमच्या मोहल्ल्यात त्या शब्दाचा अर्थ गॅरेज, वेल्डिंग, कुशन, पंक्चर. शाळेत गुरुजी नापास मुलाला म्हणायचे, "गॅरेजात जाणार का?" मला ते लागायचं. तिथं बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय काय असतं ते मी बघत होतो.

पण हा लेख अब्बांच्या कौतुकाचा नाही. त्या दुपारी अंगणात जे ऐकलं त्याचा आहे.

*

अब्बांनी भाच्याला जॅक लावायला सांगितला. तो अ‍ॅक्सलखाली लावायला गेला तर म्हणाले, "वहां नै. चासी के नीचे."

अ‍ॅक्सलखाली जॅक लावला की चाक वर येतं, पण पाटा दबलेलाच राहतो. चासी उचलली की चाक लोंबकळतं आणि पाटा पूर्ण मोकळा होतो. खड्ड्यात चाक पडतं तेव्हा क्षणभर तेच घडतं. मी गॅरेजात होतो तेव्हाही अब्बांकडून पाट्याचं काम करून निघालेली गाडी या परीक्षेशिवाय बाहेर पडायची नाही. गाडीवाले कंटाळायचे. मला ती त्यांची सवय वाटायची, जशी प्रत्येकाची असते.

चाक लोंबकळलं. अब्बा म्हणाले, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरव, आता पूर्ण उजवीकडे. मग मला म्हणाले, ब्रेकच्या पाइपाला हात लाव.

चासीवरून चाकाकडे जाणारा तो रबरी पाइप तारेसारखा ताणलेला होता. बोटानं टिचकी मारली तर वाजला असता. गाडी उचलताना पाटे, शॅकल, टायर सगळ्याचा विचार झाला होता. हा वीतभर पाइप मात्र मूळच्याच लांबीचा राहिला होता. प्रत्येक खड्ड्याला तो आपल्या टोकाच्या पितळी जोडापासून थोडा थोडा उपटला जात होता.

भाचा म्हणाला, "नाना, बाहरसे तो अच्छा दिखरा."

"वोबी अच्छा दिख्ता था," अब्बा म्हणाले. आणि गॅरेजच्या भिंतीकडे बघितलं.

गॅरेज आता बंद आहे, पण भिंतीवर खिळ्याला एक जुना ब्रेक पाइप अजून टांगलेला आहे. आम्ही पोरं समजायचो, मापाला ठेवलाय.

१९८९ साली अब्बांनी एका वडापवाल्याची सीजे ३बी डिझेल केली. इंजिन बसल्यावर पुढची बाजू दीडेक इंच खाली बसली. शिवाय मालकाला जास्त माणसं भरायची होती, म्हणून मागे दोन पाटे वाढवले. आता मागची बाजू वर, पुढची खाली. ती सारखी करायला अब्बांनी पुढच्या शॅकल लांब करून घातल्या. गाडी सरळ दिसायला लागली. मालक खूश, पैसे रोख. ब्रेकचा पाइप तोच राहिला.

दीड महिन्यानं पाटणच्या पुढे एका उतारावर तो पाइप फाटला. त्या जीपला ब्रेकची एकच लाइन असते. आजच्या गाड्यांत दोन असतात, एक गेली तरी दुसरी निम्मी चाकं धरते. तिच्यात एका चाकाचा पाइप गेला की तेल गळतं आणि चारही चाकांचे ब्रेक जातात. वरून डिझेल, पेट्रोलचं इंजिन उतारावर थ्रॉटल सोडला की जसं गाडी मागे ओढून धरतं, तसं डिझेल धरत नाही. ड्रायव्हरनं गिअर खाली घातला, हँडब्रेक ओढला आणि दरीऐवजी डोंगराच्या बाजूला गाडी घातली. अकरा माणसं होती. दहा जण खरचटण्यावर सुटले. भाजी घेऊन निघालेल्या एका बाईचा पाय मांडीत मोडला. सहा महिने ती मिरजेला दवाखान्यात जात-येत होती आणि नंतर कायमची लंगडत राहिली.

आरसी बुकात इंजिन पेट्रोलचं, नंबर जुना. कायद्यानं असा बदल परिवहन कार्यालयाला विचारून करायचा आणि नोंदवून घ्यायचा असतो. मालकानं ते केलं नव्हतं. गाडी खासगी आणि आत भाड्याची माणसं. विमा कंपनीनं हात वर केले. मालक म्हणाला, नशीब. पोलिसांनी ड्रायव्हरवर लिहिलं. मिस्त्रीला कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

"मेरेकू मालूम था," अब्बा म्हणाले. ओढून आणलेल्या गाडीखाली ते गेले, पाइप काढला, टोकाचा जोड वाकवून बघितला. रबर तिथंच, आतून फाटलं होतं. तो पाइप त्यांनी खिशात घातला.

त्या वर्षी अम्मीच्या हातातल्या दोन बांगड्या गेल्या, हे मला आठवतं. आम्हाला सांगितलं होतं, पावसाळ्याआधी पत्रे बदलायचेत. पत्रे काही बदलले गेले नाहीत.

अब्बा पैसे घेऊन त्या बाईच्या घरी गेले. आपल्यात लहानपणापासून शिकवतात की नमाज-रोजातली चूक अल्लाह माफ करेल, पण माणसाचा हक्क मारला तर ती माफी त्या माणसानंच द्यायची असते. अब्बांनी तिला सगळं सांगितलं. शॅकल, पाइप, सगळं. ती म्हणाली, "मिस्त्री, गाडी काय तुम्ही चालवत होता का? जाऊ द्या." पैसे मात्र ठेवून घेतले, गरजच होती. अब्बा नंतरही जात राहिले. ती वारली तोवर.

"माफ किया बोली," अब्बा भाच्याला म्हणाले, "मगर समझके बोली के ऐसेच, वो मेरेकू आज तक नै समझा."

मी पन्नाशीला आलोय. हे पहिल्यांदा ऐकत होतो.

*

भाच्यानं मग थोडा वाद घातला. आता पार्ट चांगले मिळतात, लांब पाइपही मिळतो, घालून टाकू. अब्बा म्हणाले, पाइप घाल, पण तेवढ्यानं भागत नाही. पुढची शॅकल लांब झाली की अ‍ॅक्सल पुढच्या बाजूला कलतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो, तसाच कल जीपच्या चाकाच्या उभ्या पिनेला असतो. त्यामुळे चाक आपोआप सरळ होतं. तो कल गेला की चाक काय करावं ते विसरतं आणि साठला नाचायला लागतं. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधे लोखंडी पाचर घालून कल परत आणता येतो. पण मग जॉइंट शाफ्टचा कोन बदलतो. एक बदललं की चार बदलतात. "पहले रोकने का देख, फिर दौडाने का देख," हे त्यांचं जुनं वाक्य. आम्ही ते शेकडो वेळा ऐकलं होतं. ते कुठून आलं हे ठाऊक नव्हतं.

कायद्याचं मी सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकानं ठरवलेली आणि नोंदणीत असलेली मूळ रचना बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. हौशी लोक याला जाच म्हणतात. मलाही काही अंशी तसं वाटतं. ज्यांनी हातानं, जपून, चांगली कामं केली तेही यात भरडले जातात आणि आपल्या मिस्त्रींची एक अख्खी विद्या बेकायदा ठरते. पण त्या अकरा माणसांपैकी कुणालाही विचारलं नव्हतं की ही गाडी बदललेली आहे, बसणार का? बदल करणाऱ्याला निदान ठाऊक असतं आपण कशात बसलोय. समोरून येणाऱ्याला ते कधीच ठाऊक नसतं.

संध्याकाळपर्यंत भाच्यानं मूळ मापाच्या शॅकल शोधायला दोन दुकानं पालथी घातली. एका मिस्त्रीकडे जुन्या मिळाल्या. डीआयचा बेत रद्द झाला. आहे तेच प्यूजो उघडून बोर करायचं ठरलं. पुढचे पाइप नवे घातले. मागचा वाढवलेला पाटा मात्र त्यानं अजून काढलेला नाही, त्यामुळे गाडी आता थोडी नाकावर झुकल्यासारखी दिसते, आणि ते त्याला अजिबात आवडलेलं नाही. जाताना तोंड पाडूनच गेला.

पण निघण्याआधी अब्बांनी न सांगता त्यानं जॅक चासीखाली लावला. चाक लोंबकळलं. मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. तो खाली वाकून पाइपाला हात लावून बघत होता. मग दुसऱ्या बाजूला गेला.