राखलेला एक्का

ब्रिजच्या खेळात बिनहुकमी डाव माणसाची खरी परीक्षा पाहतो. हुकूम असला म्हणजे संकटात एखादी दुरीही धावून येते आणि प्रतिपक्षाचा एक्का कापून नेते. येथे तो आधार नाही. ज्या कोपरगावात राघोबादादांनी, इंग्रजांच्या हुकमावर मांडलेला डाव हरून, 1783 साली देह ठेवला, तेथल्या माणसांना हे निराळे सांगावयास नको!

गोदाकाठच्या आमच्या ओसरीवर हा खेळ मला थोरल्या बंधूंनी शिकविला. एकदा मी तीन बिनहुकमी बोललो. म्हणजे नऊ हात करणे आले. डावीकडून बदामाच्या राजाची उतारी झाली. माझ्याजवळ एक्क्यासह तीन बदाम, दादांच्या उघड्या पानांत दोन क्षुल्लक. मी तत्काळ एक्का मारला. इस्पिक-किलवरचे एक्के-राजे आमचेच होते. उरलेले हात चौकटीतून काढावयाचे. समोर एक्का, गुलाम, दश्शी, नव्वी आणि एक बारीक पान, माझ्याकडे राणी. ती मी खेळलो. उजवीकडच्याने ती राजाने खाल्ली व बदाम परत केला. डावीकडच्याने लागोपाठ चार बदाम ओढले. डाव एका हाताने बुडाला.

दादा हसले. म्हणाले, "पहिले पान टाकण्यापूर्वी हात मोजावेत. दोनदा बदाम सोडून तिसऱ्यांदा घेतला असतास, तर उजवीकडच्याजवळ परत करावयास बदामच उरला नसता. चौकटीचे चार आणि बाहेरचे पाच, नऊ झाले असते. एक्का काय पळून जात होता?"

हा धडा मी जन्मभर गिरविला. रागाचे उत्तर त्याच दिवशी टपालात कधी टाकले नाही.

पुढे वडिलार्जित घराच्या वाटणीवरून दादांशीच वितुष्ट आले. त्यांचे पत्र आले. मी उत्तर राखून ठेवले. दुसरे आले, तेही सोडले. तिसऱ्या पत्रात घराचा उल्लेखच नव्हता. 'एखादा डाव टाकावयास ये,' एवढेच होते. उत्तर मनात तयार होते. तरी मी आपला मोजीतच बसलो. महिन्याभराने पत्राऐवजी तार आली.

राखलेला एक्का तिसऱ्या हाताला घ्यावयाचा असतो, हेही दादांनी त्याच दिवशी सांगितले होते. मी त्यातले अर्धेच ऐकले होते.