दुसऱ्या चंद्रभागेच्या वाटेवर

पंढरपूरची चंद्रभागा महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. परंतु याच नावाची दुसरी एक नदी हिमालयात, लाहौलच्या खोऱ्यात आहे, हे आमच्या वडील वहिनींना कळले ते माझ्या तोंडून. एके दिवशी सायंकाळी नातवंडांस नदीसूक्तातील नद्यांची नावे समजावून सांगत असता मी सहज बोलून गेलो की, वेदांत जिला असिक्नी म्हटले आहे तीच आजची चिनाब. चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा तांदी येथे संगम होऊन ती सिद्ध होते, म्हणून तिला चंद्रभागाही म्हणतात. वहिनी वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला आणि विचारले, "भावोजी, तेथवर माणसाला जाता येते का हो?"

आमचे थोरले बंधू निवर्तल्यास तेव्हा दोन वर्षे होत आली होती. त्या दोन वर्षांत वहिनींनी कोणाजवळ काही मागितले नव्हते. तेव्हा जाता येते की नाही, हा प्रश्न आमच्या घरी उरलाच नाही. कसे जावयाचे, एवढाच उरला.

तांदीस सुखाने जावयाचे तर मनालीहून अटल बोगद्यातून जावे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला हा ९.०२ किलोमीटरांचा बोगदा रोहतांगच्या पोटातून थेट लाहौलात उतरवितो. परंतु एका दिवसात एकदम उंचावर चढणे साठी उलटलेल्या छातीस मानवत नाही, असे वैद्यांचे म्हणणे पडले. शिवाय वहिनींचा हट्ट असा की, संगम पाहावयाचा तर चंद्रेच्या काठाकाठाने यावे. म्हणून सिमला, किन्नौर, स्पितीतील काझा असे हळूहळू चढत जाऊन, कुंझुम खिंड ओलांडून चंद्रेच्या खोऱ्यात उतरावयाचे ठरले. पुतण्याजवळ चारही चाकांस जोर देता येतो अशी मोटार होती. तो ती घेऊन पुढे जाणार आणि आम्ही मंडळी आगगाडीने चंडीगड गाठणार, असा बेत झाला. हा २०२२ सालचा जून महिना.

आता टायरांचे प्रकरण. लोसरपासून कुंझुमवरून ग्रांफूपर्यंतची ऐंशीएक किलोमीटरांची वाट त्या वेळी रस्ता या नावास फारशी पात्र नव्हती. नदीतले गोटे, धारदार शिळा आणि मधून मधून वाहते ओढे. मोटारीचे मूळचे टायर गुळगुळीत सडकेचे. ते बदलणे प्राप्त होते. पुण्यातील एका दुकानात पुतण्यासमवेत मीही गेलो, कारण पैसे माझ्या पेटीतून निघावयाचे होते.

वाचकांपैकी ज्यांनी टायरची बगल कधी न्याहाळली नसेल त्यांनी ती एकवार अवश्य न्याहाळावी. पाणिनीच्या सूत्रासारखे अल्पाक्षरी लेखन तेथे असते. आमच्या जुन्या टायरांवर '२३५/७० आर १६' असे होते. पैकी पहिला अंक रुंदीचा, मिलीमीटरांत. दुसरा म्हणजे बगलेची उंची त्या रुंदीच्या शेकडा किती, ते प्रमाण. 'आर' हे आतील दोऱ्यांच्या अरीय रचनेचे चिन्ह. शेवटचा अंक ज्या लोखंडी कड्यावर टायर चढतो त्याचा व्यास, आणि तो मात्र इंचांत! एकाच सूत्रात दोन मापनपद्धती नांदविणाऱ्या या शास्त्रकारांस माझ्या वर्गात मी गुण दिले नसते. पुतण्यास हवे होते '२४५/७५ आर १६'. मी कागद घेऊन हिशेब मांडला. जुन्या चाकाचा व्यास ७३५ मिलीमीटर, नव्याचा ७७४. मोटार उचलली जाणार ती या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम पाऊण इंच. उलट वेगदर्शक काटा शेकडा पाच कमी दाखविणार; साठ दाखवील तेव्हा खरा वेग त्रेसष्टाचा. "पाऊण इंच काय थोडे झाले, काका? शिळा नेमकी तेवढ्यानेच लागते," असे पुतण्या म्हणाला, आणि या बाबतीत त्याचे म्हणणे बरोबर ठरले, हे मी येथेच कबूल करून टाकतो.

नक्षीविषयी मात्र मी त्यास नमविले. त्याच्या मनात भरला होता तो चिखलाचा टायर. ठोकळे मोठे, खाचा रुंद, दिसावयास मोठा पराक्रमी. चाक फिरताच खाचांतील चिखल बाहेर फेकला जावा, याकरिता ती रचना असते. काळ्या मातीच्या शिवारात तो अद्वितीय. परंतु डांबरी सडकेवर तो घोंघावतो, इंधन अधिक पितो, आणि पावसाने ओली झालेल्या सडकेवर रबराचा स्पर्श कमी पडून गाडी थांबावयास अधिक अंतर लागते. आमचा जाण्यायेण्याचा प्रवास पाच हजार किलोमीटरांचा. त्यात वाईट वाट दीडशेही नव्हती. म्हणून सर्व भूमींवर चालणारा, मध्यम खाचांचा टायर घेतला. दुकानदाराने प्रथम काढून दाखविले ते टायर स्वस्त व तुकतुकीत होते. परंतु बगलेवरील चार आकडी खूण मी चष्मा पुसून वाचली. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे. माल पाच वर्षांचा निघाला. रबर नुसते पडून राहिले तरी म्हातारे होते. "साहेब, हे कोणी वाचीत नाही," असे तो म्हणाला. मी वाचतो, असे सांगून नवा माल काढवून घेतला.

येथवर मी शहाणा ठरलो. परंतु पुतण्या पाच टायर मागत होता आणि मी चारच घेऊ दिले. स्टेपनीस जुन्यांपैकी एक चांगला आहे, बारा हजार रुपये उगाच कशास घालवावयाचे, हा माझा युक्तिवाद. चौघांत पाचवा वेगळ्या मापाचा असला तर काय होते, याचा हिशेब हातात कागद असूनही मी मांडला नाही.

किन्नौरची सफरचंदांची झाडे, खाब येथे सतलजेस मिळणारी स्पिती, इ. स. ९९६ पासून उभा असलेला ताबोचा मठ, यांविषयी पुष्कळ लिहिता येईल. परंतु ते इतरांनी लिहिले आहे. ताबोच्या मातीच्या भिंतींतील अंधारात डोळे सरावून चित्रे उमटू लागली तेव्हा वहिनी हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या, एवढेच नमूद करतो. काझ्याच्या पुढे हिरव्यागार मटाराच्या वाफ्यांपलीकडे गवताची काडी नाही. डोंगर नुसते उघडे. जणू सृष्टीने येथे रंग भरावयाचे राहून गेले.

कुंझुमची खिंड साडेचार हजार मीटरांहून उंच आहे. तेथे देवीचे ठाणे असून येणारी प्रत्येक मोटार त्यास प्रदक्षिणा घालून पुढे जाते. आम्हीही घातली. ही खिंड म्हणजे पाण्याची वाटणी. मागे पडणारा थेंब स्पितीतून सतलजेस, म्हणजे वैदिक शुतुद्रीस जावयाचा. पुढे पडणारा चंद्रेतून असिक्नीस. नातवाने दोन्हीकडे थोडे थोडे पाणी ओतले.

लोसरला पुतण्याने चाकांतील हवा कमी केली होती. हे करणे योग्यच. ३२ पौंड हवेचे टणक चाक दगडावर आपटते; २६ केली की रबर दगडास लपेटून घेते, पकड वाढते आणि हाडे खिळखिळी होत नाहीत. परंतु कोकणच्या पुळणीवर वाळूत गाडी घालताना हवा फार उतरवितात, हे त्याने ऐकलेले. तेव्हा त्याने उतरविली ती २० वर. वाळूत ते शोभते. धोंड्यांत मात्र हवा फार उतरली की टायरची बगल बाहेर फुगते, आणि टायरात सर्वांत नाजूक अंग तेच. खिंड उतरून बातलकडे येत असता एका अणकुचीदार शिळेने मागील डाव्या चाकाची बगल चार बोटे चिरली. तळास खिळा लागला तर दोरी भरून बुजविता येते. बगलेस वाटेत औषध नाही.

चाक काढावयास जॅक लावला तो खडीत रुतू लागला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गाडी कलली तेव्हा सूनबाईंनी मुलास मागे ओढले. वारा असा की बोलणे ऐकू येईना, आणि चार पावले चालताच श्वास लागे. तेवढ्यात वहिनी गाडीतून आपला पूजेचा पाट घेऊन उतरल्या. सागवानी, जाड, दादांनी स्वतः करवून आणलेला. त्यांनी तो जॅकखाली ठेवण्यास पुढे केला. पुतण्या मागे सरला, म्हणाला, "काकू, नको. हा काकांचा."

"त्यांना गाडी उचललेली आवडेल," वहिनी म्हणाल्या.

जॅक टिकला. परंतु आता माझ्या काटकसरीची फळे भोगावयाची होती. जोर लागतो त्या मागील आसावर एक चाक ३९ मिलीमीटर लहान बसविले तर आसाच्या मध्यातील दंतचक्रे, जी केवळ वळणावर दोन चाकांतील फरक सांभाळण्यास असतात, ती सरळ वाटेवरही अखंड झिजत व तापत राहतात. म्हणून पुढील एक मोठे चाक काढून मागे लावणे आणि लहान स्टेपनी पुढे घालणे भाग पडले. एकाच्या जागी दोनदा जॅक, दोनदा पाना. शिवाय चारही चाकांचा जोर वापरणे बंद. कारण तो लावला की पुढचा व मागचा आस एकमेकांस जखडले जातात आणि विषम चाकांचा ताण कोठेच सुटत नाही. अगदीच अडले तर सैल खडीवर, जेथे चाक घसरून ताण सुटतो, चार हात जागेपुरता. ज्याकरिता एवढी मोटार आणली तेच बळ बारा हजारांपायी गमावले होते. पुतण्याने मला एका शब्दाने दुखविले नाही. मीही त्याचे २० पौंड काढले नाहीत.

बातलला पोचलो तो दुपार कलली होती. उन्हाने बर्फ वितळून ओढ्यांस दुपारनंतर पाणी चढते. आमच्या पंगू गाडीने त्या वेळी पुढे जाणे वेडेपणाचे झाले असते. चाकांत हवा २६ पर्यंत भरून घेतली आणि रात्र तेथेच एका तंबूत काढली. बाहेर चंद्रेचा घोष, आत वहिनींचा हरिपाठ. मला झोप आली नाही. समजा, वाटेत दुसरे चाक गेले तर? सहावा उपाय आमच्याजवळ नव्हता.

पहाटे पाचास निघालो. ओढे रात्रीच्या थंडीने आटले होते. प्रत्येक ओढ्यात पुतण्या प्रथम काठी घेऊन उतरे, तळ चाचपी, मग पहिल्या वेगात, न थांबता गाडी काढी. एका ठिकाणी चाक फिरू लागले तेव्हा मात्र चारही चाकांचा जोर क्षणभर लावावा लागला. पन्नासएक किलोमीटरांस साडेपाच तास लागले. ग्रांफूला डांबर दिसताच पुतण्याने गाडी थांबविली आणि स्टिअरिंगवर डोके टेकले. नंतर उतरून हवा पुन्हा ३२ केली. कमी हवेने सडकेवर पळाले तर टायर तापून फुटतो.

तांदीस दुपारी पोचलो. वहिनी संगमाच्या काठी गेल्या, पाण्यात हात घातला आणि लागलीच काढला, इतके ते थंड. मग पुन्हा घातला. त्यांनी एक लहान तांब्या भरून घेतला. आषाढीची गर्दी ओसरल्यावर तो पंढरपुरास नेऊन तेथल्या चंद्रभागेत रिता केला.

पाटाच्या मधोमध जॅकच्या बुडाचा खोल वण उमटला आहे. वाईस परतल्यावर मी सुतारास बोलावून तो रंधून घेऊ म्हटले. वहिनींनी नको म्हणून सांगितले, आणि त्याच आठवड्यात मी पाचव्या टायरचे पैसे पुतण्याच्या हातावर ठेवले.