काळा खडू

गाठ, ऑपरेशन, जेवताना ताटात पडलेले केस, हे सगळं ती दोन वाक्यांत उरकते. खडूचं सांगायला बसली की मात्र समोरचा चहा गार होतो.

बाई नेवासे तालुक्यातली, पन्नाशी ओलांडलेली, गावच्या भजनी मंडळात टाळ धरणारी. उजव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशननंतर तीन-तीन आठवड्यांनी चार वेळा ‘लाल औषध’ म्हणजे डॉक्सोरुबिसिन, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, असे बारा डोस. खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून भागला. फाट्यावरून पुण्याची एसटी, सोबतीला धाकटी जाऊ. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यात किती पैसे वाचले हे ती औषधाच्या नावाआधी सांगते.

पॅक्लिटॅक्सेलच्या तिसऱ्या खेपेला पुण्यातल्या त्या रुग्णालयाच्या डे-केअरमध्ये ‘आर्ट थेरपी’ आली. आली म्हणजे एक कॉलेजातली मुलगी आली. हसतमुख, गळ्यात ओळखपत्र, हातात तेलखडूंचे डबे. ऑपरेशन उजव्या बाजूचं म्हणून सुई डाव्या हाताला होती, उजवा मोकळा. “मावशी, मनात येईल ते काढा,” मुलगी म्हणाली.

मावशींनी शाळा सोडल्यापासून कागदावर चित्र काढलं नव्हतं. रांगोळी काढली होती, ती जमिनीवर. त्यांनी आधी एक मोठा गोल काढला. त्याला कठडा, कडेला मोटारीचा पाइप, एका बाजूला लिंबाचं झाड. आणि मग गोलाच्या आत काळा खडू रगडायला सुरुवात केली. नुसता फिरवला नाही, रगडला. मेणाचे कण कागदावर जमा होईपर्यंत. शेजारच्या खाटेवरचे आजोबा मान वळवून बघायला लागले.

तेवढ्यात मुलगी परत फिरली. “अरे बापरे, एवढं काळं? निगेटिव्ह नाही काढायचं मावशी, आपण पॉझिटिव्ह राहायचं.” तिने हळूच, अगदी प्रेमाने, बोटांतून खडू काढून घेतला. कागदही घेतला आणि फुलपाखराचं छापील चित्र पुढे ठेवलं, रंग भरायला. ते रंगवून झाल्यावर फोटो काढला. डोक्यावरचा रुमाल सरकला होता, तो सारखा करायलाही वेळ मिळाला नाही.

ती विहीर होती.

त्या वर्षी पाऊस मागून पडला, पण असा पडला की विहीर कठड्याजवळ आली. “भरलेल्या विहिरीचं पाणी वरून काळंच दिसतं. निळी विहीर कुणी बघितलीय? आटली म्हणजे तळाचा पांढरा मुरूम दिसतो. आम्हाला भ्या वाटतं ते पांढऱ्याचं.” हे ती आजही तणतणत सांगते. मग तिथेच का नाही सांगितलं? “विचारलं कुणी?”

पुढच्या आठवड्यात तिने आपणहून डबा मागितला. त्यात काळा खडूच नव्हता. बाकीचे सगळे होते. जाऊ म्हणते, हरवला असेल, पोरंटोरं नेतात. तिला ते पटत नाही, आणि का पटावं?

कलेतून उपचार ही कल्पना ज्याच्या नावावर आहे, तो एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार स्वतः रोगी होता. 1938 मध्ये मिडहर्स्टच्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात पडल्या पडल्या तो चित्रं काढू लागला. 1942 मध्ये त्याने या गोष्टीला ‘आर्ट थेरपी’ असं नाव दिलं. त्याला कुणी फुलपाखरू रंगवायला दिलं नव्हतं. इकडे 1948 मध्ये देवासला क्षयानेच खाटेला खिळलेल्या कुमार गंधर्वांना तर गाण्याचीच बंदी होती. कानावर येतील ती माळव्यातली लोकगीतं ऐकायची, एवढंच हातात. पुढे त्या धुनांतून त्यांनी नवे राग बांधले. ती थेरपी म्हणायची की नाही, हे जाणकारांनी ठरवावं. पण ऐकणारा माणूस तिथे निदान आपल्या मर्जीने ऐकत होता.

शिकलेला आर्ट थेरपिस्ट चित्राला गुण देत नाही, रंगावरून मन ओळखल्याचा आव आणत नाही. तो विचारतो, हे काय आहे? सहायक आरोग्य व्यावसायिकांसाठी 2021 मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात कला आणि नृत्य थेरपिस्टांचा उल्लेख आहे. म्हणजे हे शिकून करायचं काम आहे, एवढं सरकारदरबारीही मान्य. खडू वाटणं वेगळं. ते चांगलंच आहे, पण त्याला थेरपी म्हणू नये.

आणि उपयोग होतो का? संगीताबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2021 मध्ये 81 चाचण्या आणि 5,576 रुग्णांचा आढावा घेतला. प्रौढ रुग्णांची चिंता, वेदना, थकवा संगीताने कमी होऊ शकतो, असं त्यात दिसलं, पण पुरावा फार भक्कम नाही, हेही त्यात लिहिलं आहे. नृत्याच्या 2015 च्या आढाव्यात तर अवघ्या तीन चाचण्या, 207 माणसं, आणि ठाम असं काहीच हाती नाही. गाठ विरघळते असं म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

एवढं रागावून झाल्यावर ती स्वतःच एक सांगून टाकते. त्या फुलपाखरात रंग भरताना सलाईन कधी संपलं ते कळलं नव्हतं. एरवी थेंब मोजत पडायची. “पोरगी वाईट नव्हती हो,” असंही म्हणते. फुलपाखरू तिने फेकलेलं नाही, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. विहिरीचा कागद परत मागायचं मात्र राहून गेलं.

बारा डोस संपले, मग रेडिएशनचे शेक झाले. पॅक्लिटॅक्सेलने बोटांची टोकं बधिर झालीत, ब्लाउजची बटणं लावायला सून लागते. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली म्हणतात, तो पैस खांब याच तालुक्यात, नेवाशात. त्यामुळे गावात एकादशीचं भजन चुकवणं अवघड. डॉक्टरांनी गर्दीत बसायला हरकत नाही म्हटल्यावर पहिल्याच एकादशीला ती गेली. दोरी बोटांना जाणवत नाही म्हणून तिने ती दोनदा गुंडाळून घेतली. तिसऱ्या अभंगाला टाळ निसटून सतरंजीवर पडला. शेजारणीने गाता गाताच तो उचलून दिला. तोवर पखवाज दुगणीत गेला होता, आणि ती घाईने दोरी पुन्हा गुंडाळत होती.