सिंहाचा चष्मा

जीर्ण पुस्तकाची डागडुजी आणि त्याची नवी आवृत्ती ही दोन कामे बहुधा एकाच कारागिराकडे येतात, आणि त्यामुळे ती एकाच जातीची असावीत असा लोकांचा समज होतो; वस्तुतः पहिल्या कामात त्याला भित्रे असावे लागते व दुसऱ्यात धीट, आणि एका कामाचा गुण दुसऱ्यात शिरला की पुस्तकाची धडगत राहत नाही. सध्या माझ्या मेजावर मुलांच्या गोष्टींचे एक सचित्र पुस्तक आहे. आरंभीची पाने नाहीशी झाल्यामुळे ग्रंथकर्ता, चित्रकार, छापखाना यांपैकी कोणाचाच पत्ता लागत नाही. परंतु विनायक कोंडदेव ओकांच्या ‘बालबोध’ने १८८१ पासून आणि वासुदेव गोविंद आपट्यांच्या ‘आनंद’ने १९०६ पासून मराठी मुलांना छापील करमणुकीची जी चटक लावली, तिच्यावर पोसलेल्या पिढीसाठीच हे निघाले असावे, असे त्यातील खिळ्यांवरून आणि जाळीच्या ठशांवरून वाटते.

त्या काळच्या स्वस्त कागदाचा मृत्युयोग त्याच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेला असे. लाकडाच्या लगद्याच्या त्या कागदावर शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी चढवीत, आणि तीच तुरटी पुढे आम्ल निर्माण करून तंतूंना आतून पोखरी. म्हणूनच पेशवे दफ्तरातील रुमालांत बांधलेला हातकागद पुष्कळसा आजही निर्धास्तपणे उलटता येतो, आणि त्याहून वयाने कितीतरी लहान असलेल्या या पुस्तकाचे पान मात्र कोपरा दुमडताच मोडते. त्यात फर्मे जुजबंदीने न शिवता लोखंडी तारेने टाचलेले, आणि गंजलेल्या तारेभोवतीचा कागद करपून तपकिरी झालेला. तार बोथट पात्याने उकलणे, मऊ कुंचल्याने धूळ झाडणे, शाई पाण्यात टिकते की नाही याची कोपऱ्यावर एका थेंबाने परीक्षा करणे, पाने स्वच्छ पाण्यात व नंतर चुन्याच्या निवळीत भिजवून आम्लाचे शमन करणे, आणि फाटलेल्या जागी जपानी कोझो कागदाची पट्टी गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने बसवणे, हा या कामाचा रीतसर क्रम. ही पट्टी कापायची नसते, फाडून घ्यायची असते. म्हणजे तिच्या कडेचे लांब तंतू जुन्या कागदावर पसरतात आणि जोडाची धार बोटाला लागत नाही. खळीत मोरचूद घालण्याची जुन्या बाइंडरांची रीत मी पाळीत नाही. त्याने कसर दूर राहते हे खरे, पण तांबे कागदाला बाधते. उद्या माझ्याहून शहाणा कोणी आला तर त्याला माझी पट्टी नुसत्या ओलाव्याने सोडवता यावी, एवढीच माझी खळीकडून अपेक्षा असते.

एका पानाने मात्र हा क्रम अडवला. सिंहाचा दरबार भरला आहे, पुणेरी पगडी घातलेला कोल्हा फिर्याद मांडतो आहे, आणि कुणा बालवाचकाने सिंहाच्या नाकावर चष्मा चढवला आहे. रेघ करडी, साध्या शिसपेन्सिलीची दिसते. परंतु भिंगाखाली तिच्या कडेला जांभळी छटा सापडली, आणि पेन्सिल कॉपिंगची आहे हे ध्यानात आले. पूर्वी कचेऱ्यांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या या पेन्सिलीच्या शिशात ऍनिलीनचा रंग मिसळलेला असतो, आणि पाण्याचा स्पर्श होताच तिची रेघ गर्द जांभळी होऊन पसरते. निवळीत बुडवले असते तर वनराजाचे सारे मुखमंडल रंगून निघाले असते. ते पान आम्लासकट कोरडेच ठेवले. खोडरबराने चष्मा पुसून मग पान धुवावे, अशीही तजवीज एका स्नेह्याने सुचवली. ती मला मान्य नाही. चित्रकाराचे नाव गेले, पण त्याच्या एका वाचकाचा शेरा तेवढा उरला आहे, आणि दफ्तरातल्या कागदावरचा शेरा कोणी खोडीत नाही.

नव्या आवृत्तीत मात्र सिंह चष्म्यावाचून बसेल, कारण तेथे माझा धनी आजचे मूल आहे. जाळीचे चित्र पुन्हा जाळीतून छापले की दोन जाळ्यांची गाठ पडून चित्रावर लाटा उठतात; म्हणून ही चित्रे मी रेषांत नव्याने काढवून घेतली, आणि मूळची धूसर छाया त्यात गेली याचे दुःख केले नाही. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचे अनुच्चारित अनुस्वार काढले. लांब वाक्ये मात्र तोडली नाहीत, कारण मुले लांब वाक्यांना भितात हा मोठ्यांनी उठवलेला प्रवाद आहे. एका गोष्टीत एका जातीची निष्कारण टवाळी होती. ती गोष्ट सबंध वगळली आणि तसे प्रस्तावनेत लिहिले. मग एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने बोट ठेवून पाहायचे, या जुन्याच पद्धतीने मजकुराची मूळ प्रतीशी रुजुवात झाली.

राहिला तो कोल्ह्याचा कज्जा. त्या गोष्टीचे शेवटचे पान नसल्यामुळे सिंहाने निकाल काय दिला हे कळायला मार्ग नाही. मूळ प्रतीत तेथे कोरा कागद बांधला आहे. नव्या आवृत्तीत निकाल मी लिहिला, आणि ग्रंथकर्त्याचे कोणते व माझे कोणते हे कळावे म्हणून तो वेगळ्या टायपात लावण्याचा आग्रह धरला. प्रकाशक म्हणतात, मुलांना असल्या बारकाव्यांशी काय कर्तव्य? आहे तर! टाइप बदलला की ‘हे कुणी लिहिलं?’ असे आधी विचारतात ती मुलेच. मुद्रिते दुसऱ्यांदा आली तेव्हाही सगळा मजकूर एकाच टायपात होता; समासात तांबड्या शाईने खुणा करून मी ती परत पाठवली आहेत.