आईचं कार्ड

भावाच्या जन्मवेळचं, १९७९ सालचं एक जाड पिवळट कार्ड आईने अजून ट्रंकेत जपून ठेवलंय. त्यावर वजन, रक्तदाब, पुढच्या तपासणीची तारीख आणि धनुर्वाताच्या लसीपुढे दोन खुणा. बाबा नागपूरहून भिलाईच्या कारखान्यात लागलेले. टाऊनशिपमधल्या आम्हाला दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर होता.

त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे भांडी घासायला येणारी छत्तीसगढी बाईही पोटुशी होती. दुपारी दोघी मोरीपाशी बोलत बसायच्या. छत्तीसगढीत आईला 'दाई' म्हणतात, हे मला तिनेच सांगितलं. बाळंतपणाला ती गावी गेली. महिन्याने एकटीच परतली, तेव्हा कळलं, बाळ चांगलं धडधाकट होतं. आठव्या दिवशी दूध ओढेना, जबडा मिटला, अंग धनुष्यासारखं ताठलं. दोन दिवसांत गेलं.

आई त्यावर आजही एकच वाक्य बोलते, "मी दोन्ही इंजेक्शनं घेऊन आले, पण तिला सांगायचं सुचलं नाही."

नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा नाळेच्या जखमेतून शिरतो. गर्भारपणी आईला लस मिळाली की तिच्या रक्तातलं संरक्षण बाळाला जातं. शिवाय हवेत स्वच्छ हात, नवं पातं, स्वच्छ दोरा. देशाचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ सालीच सुरू झाला होता. म्हणजे लस होती, पण मोरीच्या एका बाजूच्या बाईला ती मिळाली, दुसरीला नाही.

भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरात खाणकामगार संघटनेची पुढारी कुसुमबाई बाळंतपणात गेली. त्या दुःखातून कामगारांनी स्वतःच्या प्रसूतिगृहाचा ध्यास घेतला आणि १९८३ साली त्यांचं शहीद हॉस्पिटल उभं राहिलं. दवाखाना आपल्या दारापर्यंत येत नाही, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

छत्तीसगढात २००२पासून पाड्यापाड्यात 'मितानिन' नेमल्या गेल्या. गर्भार बाईच्या घरी जाऊन तिला तपासणीची, लसीची आठवण करायची, हे त्यांचं एक काम. २०१५ साली माता व नवजातांच्या धनुर्वाताचं देशातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. ती बातमी मी आईला वाचून दाखवली.

तिने विचारलं, "मितानिन म्हणजे काय गं?"

"मानलेली मैत्रीण. विधी करून जोडलेली, जन्मभराची."

आई बराच वेळ कार्डाची घडी नीट करत राहिली. मग म्हणाली, "तिची तर मीच होते."