डिस्क नवी, तरी चाक तापतंय

पिकअपच्या पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवे टाकले. नवे पॅड बसेपर्यंत थोडे तापतात, पण ते दोन्हीकडं सारखे. आमचं एकटं डावं चाक तापायचं, जवळ हात नेला की झळ लागायची.

मेकॅनिक म्हणाला, डिस्क खराब निघाली, दुसरी टाकू. म्हटलं थांब, आधी बघू. मागच्या चाकांना दगड लावून चाक जॅकवर घेतलं. ब्रेक दाबून सोडला, तर चाक हाताने फिरेना. गार झाल्यावर कॅलिपरचं निपल जरा सैल केलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं! म्हणजे दाब आत अडकत होता. रबरी पाइप आतून फुगलेला. ऑइल जायचं, पण परत येईना. बाहेरून पाइप एकदम चांगला. तो बदलला, हवा काढली, काम झालं.

निपल सोडूनही चाक सुटलं नाही, तर पिस्टन नाहीतर गाईड पिन जाम समजा.

असं चाक घेऊन माल भरून घाट उतरू नका. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही. तापल्या डिस्कवर पाणीही मारू नका, ती वाकते.