बाबांचे पाने आणि एक बुलेट

आपल्यापैकी जी मंडळी मुंबई-ठाण्याकडून इकडे आली त्यांना बुलेट मोटारसायकलची ओळख करून द्यायला नको. 1955 सालापासून ती मद्रासला तयार होऊ लागली, आणि तिचा तो जड, सावकाश आवाज गल्लीच्या तोंडापासून ओळखू येई. अशी एक जुनी 350 सी.सी.ची बुलेट आम्हां दोघा भावांना 2024 च्या उन्हाळ्यात रामलेत एकाच्या शेडमध्ये मिळाली. लोदला आमच्या इमारतीच्या मिकलाटमधला एक कोपरा समितीने वापरायला दिला. दोन महिन्यांत गाडी उभी करू, असा अंदाज होता. दीड वर्ष लागले.

गाडी घेण्याचे खरे कारण बाबांची पत्र्याची पेटी. बाबा माझगावच्या गोदीत फिटर होते. 1969 साली इकडे येताना आईची भांडी कमी केली, पण आपले व्हिटवर्थ मापाचे पाने आणलेच. इथे सगळा कारभार मिलिमीटरचा. त्या पान्यांना एक नट मिळेना. बाबा दरवर्षी त्यांना तेल लावून ठेवीत. वापरण्याचा योग त्यांच्या हयातीत आला नाही. जुन्या बुलेटला मात्र बरेच आटे ब्रिटिश आहेत. दादाने पहिला पाना लावला, तो नटावर चपखल बसला, आणि थोडा वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

पुढे मात्र विघ्नेच विघ्ने. आधीच्या मालकाने इंजिनाच्या झाकणाला पाव इंची स्क्रूच्या जागी 6 मिलिमीटरचे स्क्रू घातले होते. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. ब्रिटिश बारीक आट्याचे इंचाला 26 फेरे, या स्क्रूचे साधारण 25. त्यामुळे तो निमूट आत जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि आवळू लागले की ॲल्युमिनियमचे आटे सोलून बाहेर येतो. अशी तीन भोके गेली होती. तेल गळू नये म्हणून वरून लांबी भरलेली! ती खरवडण्यातच एक अख्खा शुक्रवार गेला. मग भोके मोठी करून आत तारेचे आटे बसवले. भारतातून मागवलेला पिस्टन सहा आठवड्यांनी आला, तो 84 मिलिमीटरचा, म्हणजे 500 सी.सी.च्या गाडीचा. आम्हांला 70 चा हवा होता. पुन्हा पत्रव्यवहार, पुन्हा वाट.

जून 2025 मध्ये इराणची क्षेपणास्त्रे येऊ लागली आणि मिकलाट ज्यासाठी बांधले त्या कामाला लागले. शेजाऱ्यांनी हात लावून सांगाडा अंगणात काढला. इंजिन आणि नट-बोल्टांचे डबे तिसऱ्या मजल्यावर वहिनींच्या बाल्कनीत गेले. त्या धावपळीत दोन डबे उलटून एक झाले. बारा दिवसांनी शांतता झाली तेव्हा दादा म्हणाला, "माणसं मरताहेत आणि आपण वॉशर मोजत बसायचं? भंगारात देऊन टाक." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तीन महिने आम्ही त्या बाल्कनीकडे फिरकलो नाही, आणि खरे सांगायचे तर एकमेकांकडेही फारसे नाही.

शेवटी वहिनींनीच फोन केला: "भावोजी, गाडी होऊ दे की न होऊ दे, माझी कपडे वाळत घालायची जागा मोकळी करा." दोघे मिळून आलो, डबा ओतला, आणि बाबांच्या पान्यांनीच माप घेऊन एकेक नट निवडू लागलो. ब्रिटिश एकीकडे, मिलिमीटरचे दुसरीकडे. दुपारी जेवायला उठलो तेव्हा भंगाराचा विषय कोणी काढला नाही.

हनुकाच्या सुमारास गाडी सुरू झाली. अँमीटरचा काटा मधे येईपर्यंत किक हळू दाबायची, डीकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढून थोडी पुढे न्यायची, मग लिव्हर सोडून पूर्ण जोराने. दादाच्या गुडघ्याला ते झेपत नाही, म्हणून काट्यावर नजर त्याची आणि पाय आमचा. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. इथल्या तरुण पोरांना ते उलटे वाटते. टेस्ट अजून व्हायची आहे. मागचा ब्रेक-दिवा पेटत नाही, आणि गिअरबॉक्सखाली रात्रीतून शेकेलएवढा तेलाचा डाग पडतो.